तीन कॉम्प्युटर आणि एक नाव

माणूस सकाळी नऊला आला होता. दुपारचा एक वाजला तरी तो बाकड्यावरच बसून होता. शेजारी त्याची बायको, मांडीवर एक्स-रेची मोठी पिशवी. पेशंट तीच. दोघं मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेले.

जागा परळमधली. बाहेरगावाहून इथल्या मोठ्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणाऱ्या गरीब पेशंटना औषधांसाठी मदत करणारी एक छोटी संस्था. नाव मुद्दाम देत नाही, कारण चूक तिची नव्हती. तिथली पद्धत सोपी आहे. पहिल्या खेपेला कागदपत्रं तपासून नोंद करायची. पुढच्या खेपेला खिडकीवर नाव सांगायचं, नोंद उघडायची, चिठ्ठी घ्यायची आणि औषधाच्या दुकानात जायचं. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी नाव सापडेना. खिडकीवरच्या ताईंनी तीनदा टाइप केलं, तिन्ही वेळा पडद्यावर पाटी आली: ‘नोंद सापडली नाही.’ मोबाइल नंबरावरून शोधावं, तर मागच्या वेळी त्याने भाच्याचा नंबर दिला होता आणि तो त्याला पाठ नव्हता. जुनी चिठ्ठी गावी राहिलेली. नव्याने नोंद करायची तर रेशन कार्ड हवं, तेही गावी.

एक वाजता कॉलेज सुटून एक मुलगा आला. तो रोज दुपारी तिथे सेवा म्हणून काम करतो. आपल्या टेबलावर बसला, नाव टाइप केलं आणि नोंद लगेच समोर आली. चार महिन्यांपूर्वी त्यानेच ती केली होती.

एकाच खोलीत दोन टेबलं. एका टेबलावर माणूस आहे, दुसऱ्यावर नाही. ते सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. या लेखात जे म्हणायचं आहे ते त्या बाकड्यावरच्या चार तासांतून आलेलं आहे.

संस्थेत तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्ही दान म्हणून आलेले. खिडकीवर विंडोज. हिशेबाच्या टेबलावर मॅक, लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीने बदलताना देऊन टाकलेला. कोपऱ्यात एक म्हातारा डबा, ज्याच्यात कॉलेजच्या त्या मुलाने लिनक्स घालून जीव आणला. मला सांगण्यात आलं, ‘तिन्हीवर चालेल असं नोंदवहीचं सॉफ्टवेअर करून द्या.’ मी कबूल केलं आणि मनाशी एक पण केला. तिन्हीवर ते हुबेहूब सारखं दिसेल. तेच रंग, तीच बटणं, त्याच जागी. कुणालाही कुठल्याही टेबलावर बसवा, फरक कळणार नाही.

हा हट्ट माझ्यात आला कुठून, तेही सांगतो. नव्वदच्या दशकात मी गिरगावात डीटीपीचं काम करायचो. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. त्या काळच्या मराठी फॉन्टांत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ‘क’ दिसायचा, पण आत साठवलेलं असायचं भलतंच इंग्रजी अक्षर. आपल्या मशीनवर सुरेख बसवलेलं पान फ्लॉपीत घालून फिल्म काढायला दुसरीकडे न्यावं, तर तिथल्या मशीनवर मराठीच्या जागी नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा. लालबागच्या एका मंडळाचा अहवाल गणपतीच्या आदल्या आठवड्यात असा उघडला होता, आणि वर्गणीदारांची शेकडो नावं मी रात्रभर बसून पुन्हा टाइप केली होती. तेव्हापासून ‘सगळीकडे सारखं’ हे दोन शब्द माझ्यासाठी जवळजवळ दुआच होते.

पण सारखं म्हणजे काय सारखं? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

पहिला फटका बटणांनी दिला. मी प्रत्येक चौकटीत ‘जतन करा’ डावीकडे आणि ‘रद्द करा’ उजवीकडे ठेवलं होतं. विंडोजवर हाच क्रम असतो, होकार आधी, नकार नंतर. मॅकवर उलटं आहे. तिथे होकाराचं बटण अगदी उजव्या टोकाला असतं. लिनक्सवर तर घरातच दोन मतं: केडीई विंडोजसारखं, ग्नोम मॅकसारखं. हिशेब सांभाळणारी मुलगी वर्षानुवर्षं मॅकवर काम केलेली. ती फॉर्म भरून होताच नजर न टाकता उजव्या टोकाचं बटण दाबायची. भरलेला फॉर्म गायब. मी तिला म्हणालो, ‘जरा वाचून दाब ना.’ ती म्हणाली, ‘सर, बटण कुणी वाचतं का?’

ती बरोबर होती. रोजच्या कामात बटण वाचलं जात नाही, हात तिथे आपोआप जातो.

माझे अब्बा गिरगावातल्या छापखान्यांत जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवायचे. खटाववाडीतला मौजेचा छापखाना किंवा काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतला जावजी दादाजींचा निर्णयसागर ही मोठी नावं. अब्बांचं आयुष्य त्यांच्या आसपासच्या लहान छापखान्यांत गेलं. देवनागरीच्या केसमध्ये खण किती! अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, सगळ्यांना वेगळं घर. अब्बांची नजर समोरच्या हस्तलिखितावर असायची, हात खणांवर फिरायचा. ते सांगायचे, छापखाना बदलला की पहिले आठ दिवस हात चुकतो. खिळे तेच, अक्षरं तीच, पण ‘त्र’चं घर हलवलेलं असतं. मालकाला वाटायचं, नवा माणूस कच्चा आहे. माणूस पक्काच होता, म्हणून तर चुकत होता. कच्चा असता तर प्रत्येक खणात बघून उचललं असतं.

मॅकवरच्या त्या मुलीचं हेच झालं. माझं सॉफ्टवेअर तिन्ही कॉम्प्युटरवर एकमेकांशी जुळत होतं, पण ज्या कॉम्प्युटरवर ते चालत होतं त्याच्याशी जुळत नव्हतं. आणि तिच्यासाठी शेजारच्या टेबलावरचा विंडोज अस्तित्वातच नव्हता. तिच्या दिवसात ईमेल होता, हिशेबाचा तक्ता होता, ब्राउझर होता, आणि या सगळ्यांत एकटं माझं सॉफ्टवेअर उलट्या हाताने चालणारं होतं.

या खड्ड्यात पडणारा मी पहिला नाही, ही एक वाईट समजूत. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॅकसाठी वर्डची सहावी आवृत्ती आणली, विंडोजच्या आवृत्तीशी जुळणारी. मॅकवाल्यांनी ती झिडकारली. ती संथ होती, पण त्याहून मोठी तक्रार ही की ती मॅकची वाटतच नव्हती. शेवटी कंपनीला जुनी ५.१ आवृत्ती पुन्हा द्यावी लागली. मग जावाने ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असा नारा दिला. जावाची स्विंग नावाची साधनं खिडक्या आणि बटणं स्वतःच रंगवायची, त्यामुळे सगळीकडे सारखी दिसायची आणि सगळीकडेच थोडी परकी वाटायची. २००७ मध्ये ॲपलने उलटा प्रयोग केला. आपला सफारी ब्राउझर विंडोजवर आणला आणि अक्षरं गुळगुळीत करण्याची मॅकची पद्धतही सोबत आणली. विंडोजच्या लोकांना अक्षरं धूसर वाटली. पाच वर्षांत ती विंडोज आवृत्ती बंद पडली.

म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्याही यात ठेचकाळल्या. मला वाटतं, याचं कारण असं की सारखेपणा नेमका कुणाच्या बाजूने मोजायचा, हे ठरवलं जात नाही. बनवणाऱ्याला तिन्ही पडदे शेजारी मांडून बघायचे असतात. वापरणारा आयुष्यभर एकाच पडद्यासमोर बसतो.

शॉर्टकट घ्या. कापा, नक्कल करा, चिकटवा यांसाठी एक्स, सी, व्ही ही अक्षरं ॲपलने ऐंशीच्या दशकात ठरवली आणि पुढे विंडोजनेही तीच घेतली. अक्षरं एक झाली, पण सोबतची कळ वेगळी राहिली. विंडोजवर कंट्रोल, कोपऱ्यात, करंगळीने दाबायची. मॅकवर कमांड, स्पेसबारच्या शेजारी, अंगठ्याने. मी तिन्हीकडे कंट्रोल ठेवलं होतं. मॅकवरच्या मुलीचा अंगठा रोज शंभरदा फुकट जात होता.

इथवरचं सगळं इंग्रजीतल्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. मराठीत शिरलात की पुढचा मजला सुरू होतो.

मी प्रत्येक रकान्याची उंची मोजून ठेवली होती, माझ्या मशीनवरच्या फॉन्टाप्रमाणे. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार लागतात. खाली उकार, ऋकार. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा देवनागरी फॉन्ट वेगळा आणि त्याची उंचीही वेगळी. लिनक्सवर पत्त्याच्या रकान्यातलं वरचं टोक कापलं गेलं. ‘कुर्ला’ या शब्दाचा रफार गेला की काय उरतं, ते मोठ्याने वाचू नका. संस्थेत आठवडाभर हशा चालला होता. मला मात्र घाम फुटला, कारण त्याच रकान्यात औषधांची नावंही यायची.

मग अक्षरांची वळणं. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि हिंदीचा दांडीचा, हे आपल्याला शाळेपासून माहीत. मराठीसाठी पाकळीचाच ‘ल’ प्रमाण मानावा, असा शासन निर्णयही २००९ मध्ये निघाला. पण युनिकोडमध्ये दोन्हींसाठी जागा एकच आहे. कुठला ‘ल’ दिसणार, हे फॉन्ट ठरवतो आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रॅमने सांगितलं आहे की नाही, त्यावर ते अवलंबून असतं. मी सांगितलं नव्हतं. एकाच संस्थेच्या पावत्या, एका टेबलावरून मराठी वळणाच्या आणि दुसऱ्यावरून हिंदी वळणाच्या. दादरच्या एका जुन्या देणगीदार आजोबांनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही पावत्या हिंदीत कधीपासून द्यायला लागलात?’

आणि मग कीबोर्ड. संस्थेत एक चाचा येतात, वय सत्तरीच्या पुढे. किल्ला कोर्टाच्या बाहेर मराठी टाइपरायटरवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात त्यांची हयात गेली. मशीन गोदरेजचं. गोदरेजची सुरुवात इथल्याच लालबागमध्ये, १८९७ साली, कुलपांच्या धंद्यातून झाली, आणि १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर आणला. चाचांना त्या कळांची घरं झोपेतही माहीत आहेत. टाइपरायटरवर ‘कि’ लिहायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची आणि मग ‘क’, कारण कागदावर ती आधी उमटते. इनस्क्रिप्टमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. इनस्क्रिप्ट ही सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली मांडणी. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला, आणि मराठी असो, बंगाली असो की तमिळ, ‘क’ त्याच कळेवर. विचार म्हणून मी त्या मांडणीला सलाम करतो. ताई तीच वापरतात. कॉलेजचा मुलगा इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करतो आणि मराठी उमटतं. तीन टेबलं, तीन हात. मी काय केलं? सारखेपणाच्या नावाखाली माझ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरची मांडणी दिलीच नाही. चाचा दोन दिवस आले, दोन बोटांनी अक्षरं शोधत बसले, आणि तिसऱ्या दिवसापासून चहा आणून द्यायचं काम मागू लागले. पन्नास वर्षं बोटांत जपलेलं कसब माझ्या नीटनेटकेपणाने एका आठवड्यात निकामी केलं.

आता त्या नावाकडे येतो. पूर्ण नाव सांगत नाही, पण त्यात ‘ऱ्ह’ होता. जसा बुऱ्हानुद्दीनमध्ये असतो, जसा गोऱ्हे किंवा कऱ्हाडकरमध्ये असतो. हा अर्धा ‘र’ ही मराठीची खासियत आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द त्याच्याशिवाय होत नाहीत. पण तो कॉम्प्युटरच्या पोटात दोन प्रकारांनी साठतो. इनस्क्रिप्टवर ताई नुक्त्याचा ‘ऱ’ घेतात, मग हलन्त, मग ‘ह’. मुलाच्या उच्चारी पद्धतीत साधा ‘र’ येतो, हलन्त येतो, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पोटात वेगळे. आणि युनिकोडचे ठरलेले सामान्यीकरणाचे नियमही या दोघांना एक मानत नाहीत.

त्यावर माझी हुशारी. मजकूर साठवण्याआधी त्यातली अदृश्य चिन्हं काढून टाकणारी ‘साफसफाई’ मी लिहिली होती, कारण कुठूनतरी चिकटवलेल्या मजकुरात असा कचरा येतो. त्या झाडूखाली जोडचिन्हही गेलं. ‘बुऱ्हान’चा झाला ‘बुर्हान’, डोक्यावर रफार घेतलेला. चिठ्ठीवर ते छापून आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, टाइप करताना चुकलं असेल. मुलगा स्वतः शोधायचा तेव्हा त्याने टाइप केलेल्या नावाचीही तीच साफसफाई व्हायची, म्हणून त्याला नोंद हमखास सापडायची. ताईंना कधीच नाही. तिन्ही पडदे जुळ्या भावंडांसारखे दिसत होते आणि आत दोन वेगवेगळ्या नोंदवह्या तयार होत होत्या.

मी नंतर जुन्या नोंदी तपासल्या. ‘ॲ’चंही तेच निघालं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि अजूनही काही पद्धतींत ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहिला जातो. आकड्यांचंही तेच, कुणी १ लिहितो, कुणी इंग्रजी आकडा. प्रत्येक ठिकाणी माणसाला दिसायला एक, मशीनला दोन.

मी जे सारखं केलं ते वेगळं असलं तरी चाललं असतं, आणि जे सारखं हवं होतं त्याकडे बघितलंच नाही. बटणाची जागा, शॉर्टकटची कळ, मेनू खिडकीत की पडद्याच्या माथ्यावर, खिडकी बंद करायचं चिन्ह कुठल्या कोपऱ्यात, हे ज्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवावं. त्यासाठी साधनंही आहेत. उदाहरणार्थ, क्यूटीमध्ये बटणाची जागा सांगावी लागत नाही, भूमिका सांगायची: हा होकार, हा नकार. क्रम ते साधन त्या त्या सिस्टिमच्या रिवाजाप्रमाणे लावतं. टाइप करायची पद्धत माणसावर सोपवावी. इनस्क्रिप्ट, टाइपरायटर, उच्चारी, ज्याचा हात ज्यावर बसला आहे ती.

सारख्या हव्यात तीन गोष्टी. शब्द: एका टेबलावर ‘जतन करा’, दुसऱ्यावर ‘साठवा’, तिसऱ्यावर ‘सेव्ह’ असं होता कामा नये, आणि शब्द कामाच्या जागेवरचे हवेत. मी आता ‘मुद्रण करा’ काढून ‘चिठ्ठी काढा’ लिहिलं आहे, कारण संस्थेत सगळे तेच म्हणतात. दुसरी गोष्ट शोध: कुणी कुठल्याही मशीनवर, कुठल्याही पद्धतीने नाव टाइप केलं तरी माणूस सापडला पाहिजे. तिसरी, बाहेर पडणारा कागद: रुग्णाच्या हातात जाणारी चिठ्ठी तिन्हीकडून एकसारखी, म्हणून तिचा फॉन्ट सॉफ्टवेअरसोबतच द्यायचा.

मित्र म्हणतात, आता हे सगळं जुनं झालं, ब्राउझरमध्ये कर, म्हणजे कटकट संपली. आजचे कितीतरी डेस्कटॉप प्रोग्रॅम आतून ब्राउझरच असतात, हे खरं. त्याने माझं काम कमी होईल, हेही खरं. पण ब्राउझर माझ्यासाठी बटणांचा क्रम बदलत नाही, चाचांच्या बोटांना टाइपरायटर देत नाही, आणि ‘ऱ्ह’ची दोन रूपं एक करत नाही. उलट सगळं सारखं दिसतंय या समाधानात माणूस तपासायचंच विसरतो. मी विसरलो होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो ताईंनीच घेतला. त्या म्हणाल्या, ‘सर, पण मी सुट्टीवर असले की हिशेबवाली माझ्या टेबलावर बसते. तेव्हा सगळं सारखंच असलेलं बरं नाही का?’ याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माणसं टेबलं बदलतात, तेव्हा फरक बोचतो. मी एवढंच करू शकलो की चुकून ‘रद्द करा’ दाबलं तरी भरलेला फॉर्म पुसला जात नाही, बाजूला ठेवला जातो आणि परत मागता येतो. हात चुकणार हे गृहीत धरलं की बटणाच्या जागेचा वाद निम्मा संपतो.

जुनी एक गोष्ट आठवते. विंडोज एक्सपीवर मराठी दिसायला हवी असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागायची. त्या चौकोनाशेजारी इंग्रजीत लिहिलेलं असायचं: गुंतागुंतीच्या लिपी आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइली बसवा. म्हणजे मराठी आणि उर्दू, दोन्ही एकाच खुणेत! ‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं लिहिता’ असं आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला त्या चौकोनाने फार बरं वाटलं होतं. एक खूण केली की र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगल फॉन्टात मराठी नीट उमटू लागायची, आणि उर्दूही उजवीकडून आपल्या चालीने निघायची. दोघींना एका बाजूने चालायला लावलं नव्हतं, आणि दोघींपैकी कुणाला दाराबाहेरही ठेवलं नव्हतं.

रमजानमध्ये संस्थेच्या काही पावत्या उर्दूत जातात. आता त्या चौकटीत सगळं उजवीकडून सुरू होतं, बटणांचा क्रमही पालटतो, फक्त फोन नंबर डावीकडून उजवीकडे राहतो. आधी नंबरात मध्ये जागा सोडली की त्याचे दोन तुकडे अदलाबदल होऊन छापले जायचे आणि देणगीदाराला भलताच नंबर मिळायचा. तेही दुरुस्त केलं. चाचांसाठी टाइपरायटरची मांडणी आली आहे. ते आठवड्यातून तीन दिवस जुन्या कागदी नोंदी चढवतात. त्यांचा वेग बघून कॉलेजच्या मुलाने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

तो माणूस त्या दिवशी दीड वाजता चिठ्ठी घेऊन गेला. मी दुसऱ्या दिवशी संस्थेत पोहोचलो, त्यामुळे त्याची माफीही मागता आली नाही. ताईंनी सांगितलं, तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘माझं नाव लिहायला अवघड आहे का?’

आपल्यापैकी कितीतरी जण आज कुठल्या जमातीसाठी, ट्रस्टसाठी, मदरशासाठी, सोसायटीसाठी असं छोटं सॉफ्टवेअर बनवत असतील किंवा विकत घेत असतील. पडद्यांचे फोटो शेजारी ठेवून ते सारखे दिसतात का, हे बघण्यात वेळ घालवू नका. एका मशीनवर ‘बुऱ्हानुद्दीन गोऱ्हे’ असं एक नाव तिथल्या रोजच्या माणसाला टाइप करायला सांगा आणि नोंद जतन करा. मग दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या माणसाला, त्याच्या सवयीच्या पद्धतीने, ते नाव शोधायला सांगा. नाव सापडलं नाही तर पैसे देऊ नका. आणि बनवणारे तुम्हीच असाल तर घेऊ नका.